नॅसच्या कॅशसाठी कोणती एसएसडी घ्यावी?

प्रश्न: मी लग्नांची फोटोग्राफी करतो. घरी सिनॉलॉजीचा डीएस९२०+ हा नॅस (नेटवर्कला जोडलेली, फाइल साठवायची पेटी) आहे, त्यात ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क. जुनं फोल्डर उघडलं की थंबनेल दिसेपर्यंत बसून राहावं लागतं. दुकानदार म्हणतो, कॅशला (नुकत्याच वाचलेल्या फाइलींची प्रत ठेवायची वेगवान जागा) १ टीबीची जेन-४ एनव्हीएमई एसएसडी (चिपवर माहिती ठेवणारी वेगवान डिस्क) टाका, नॅस पळेल. घेऊ का? एक की दोन?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: जेन-४ वर पैसे घालू नका, अगदी कळकळीनं सांगतो. जेन-४ म्हणजे पीसीआयई या जोडणीची चौथी पिढी, आणि तुमच्या नॅसमधला सेलेरॉन जे४१२५ प्रोसेसर पीसीआयई २.० च्या पुढे जात नाही. खोक्यावर सेकंदाला ७,००० एमबी छापलेलं असलं तरी तो वेग तिथे मिळणारच नाही. शिवाय नॅसमधून संगणकाकडे येणारी वायर गिगाबिटची. तिच्यातून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास येतं. मोठी फाइल सलग वाचताना तेवढं तर हार्ड डिस्कही देतात. लग्नाचा व्हिडिओ कॉपी करायला कॅशनं काडीचाही फरक पडणार नाही.

थंबनेलची गोष्ट वेगळी. हजारो बारक्या फाइल डिस्कभर विखुरलेल्या, आणि प्रत्येकीसाठी हार्ड डिस्कचं हेड जागा शोधत फिरतं. दर खेपेला काही मिलिसेकंद जातात, ते साठत जातात. इथे कॅश कामाची. पण माहिती एकदा वाचली गेली की मगच कॅशमध्ये येते. वर्षातून एकदा उघडायच्या फोल्डरला तिचा उपयोग नाही. सध्या ज्या लग्नाचा अल्बम चाललाय, त्याला आहे.

म्हणून फक्त वाचण्याची कॅश करा. तिला एकच एसएसडी पुरते आणि ती बिघडली तरी तुमचे फोटो हार्ड डिस्कवर शाबूत असतात. लिहिण्याचीही कॅश करायची तर दोन एसएसडी आरशासारख्या जोडाव्या लागतात. दोघींवर सारखंच लिहिलं जातं, त्यामुळे त्या झिजतातही बरोबरच. डिस्कवर न पोचलेली माहिती त्यांच्यात असताना दोन्ही गेल्या, तर अख्खा व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरची सगळी साठवण, जाऊ शकतो. लोकांची लग्नं आहेत ती, परत काढता येत नाहीत. यूपीएस (वीज गेल्यावर नॅस चालू ठेवणारी बॅटरी) नसेल तर या वाटेला जाऊच नका.

विकत घेताना टीबीडब्ल्यू हा आकडा बघा: आयुष्यभरात किती टेराबाइट लिहून घेण्याची हमी. वाचण्याच्या कॅशमध्येही नवी माहिती सतत लिहिली जात असते. ५०० जीबीच्या क्रुशल पी३ ला तो ११० आहे, तेवढ्याच डब्ल्यूडी रेड एसएन७०० ला १,०००. वॉरंटी दोघींची ५ वर्षांची. म्हणजे पहिली दिवसाला साधारण ६० जीबी झेलते, दुसरी ५४० च्या वर. माझं मत दुसरीला. १ टीबीची गरज वाटत नाही. तरी खरेदीआधी नॅसच्या स्टोरेज मॅनेजरमधला एसएसडी कॅश अ‍ॅडव्हायझर आठवडाभर चालवा, किती जागा लागेल ते तोच सांगेल.

त्याहून आधी ४ जीबीची रॅम ८ करा, खर्च कमी आहे. आणि लाइटरूम क्लासिक वापरत असाल तर त्याचा कॅटलॉग (फोटोंची नोंदवही) संगणकाच्याच एसएसडीवर असू द्या, नॅसवर फक्त फोटो.

एसएसडीच्या खाचा नॅसच्या तळाशी, झाकणाखाली आहेत. नॅस पूर्ण बंद करूनच बसवा. पुढे कधी काढायची झाली तर आधी स्टोरेज मॅनेजरमधून कॅश हटवा, मगच झाकण उघडा.