पाठकोऱ्या कागदावरची पंधरा मिनिटं

"मॅडम, माझं लिहिणं आटलंय," खुर्चीत टेकता टेकताच त्या म्हणाल्या. वय ४७, बँकेत नोकरी. दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात त्यांची कथा आली, अनोळखी वाचकांचे फोन आले. तेव्हापासून एक कथा पुरी झाली नव्हती, आणि आता त्याच संपादकांनी जुलैअखेर नवी मागितली होती. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आधी मी झोप आणि भूक कशी आहे, बाकी कशात मन रमतं का, ते विचारलं. सगळ्यातलीच गोडी गेली असती, तर त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं. फक्त दर रविवारी लॅपटॉप उघडून चार-चार तास बसायच्या आणि एक परिच्छेद लिहून, पुसून उठायच्या.

"पुसता कधी? वाक्य झाल्यावर?"

त्या थबकल्या. "नाही, अर्ध्यातच. वाटतं, त्या कथेची सर याला नाही."

गाठ इथे होती. पहिली कथा लिहिताना कुणी वाट पाहत नव्हतं. आता ते फोन करणारे सगळे वाचक रविवारी टेबलाभोवती येऊन बसत होते.

'रायटर्स ब्लॉक', म्हणजे लिहिणाऱ्याचं लिहिणं अडणं, हा शब्द १९४७ च्या सुमारास मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांनी रूढ केला आणि या अडण्याचं मूळ तान्हेपणात शोधलं. मला मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस जास्त पटतात. त्यांनी प्राध्यापकांवर केलेला प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. मनात येईल तेव्हा लिहिणाऱ्यांपेक्षा ठरल्या वेळी लिहायला बांधून घेतलेल्यांनी जास्त लिहिलं, आणि नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. सुचलं की लिहू म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते.

त्यांना म्हटलं, रविवार सोडून द्या. रोज सकाळी चहानंतर पंधरा मिनिटं, पेनाने, पाठकोऱ्या कागदावर. खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही. वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात.

"आणि वाईट लिहिलं गेलं तर?"

"जाऊ दे. कोऱ्या कागदावर सुधारणार काय?"

पुढच्या भेटीत चेहरा उतरलेला. पाहुणे आले, दोन दिवस खाडा झाला, तिसऱ्या दिवशी भरपाई म्हणून तासभर बसल्या आणि पुन्हा अडल्या. मला या भरपाईचीच जास्त भीती वाटते. खाडा झाला तर झाला. दुसऱ्या दिवशी पंधराच मिनिटं, एकही जास्त नाही.

तिसऱ्या भेटीत पिशवीतून कागदांचा गठ्ठा निघाला. बराचसा भाग बँकेतल्या कटकटींचा, काही पानं नुसती 'सुचत नाही'ची. पण नवव्या दिवशी आजीचा अडकित्ता आला होता, दहाव्या दिवशी तो कुणी चोरला ते, आणि अकराव्या दिवसाचं वाक्य 'तिने विचारलं तेव्हा मी' इथे तुटलं होतं.

"पुढे काय?" मी विचारलं.

"ते उद्या सकाळी," त्या म्हणाल्या. संपादकांना त्यांनी आपणहून फोन करून १० ऑगस्टपर्यंतची मुदत मागून घेतली होती.