इतिहास-साहित्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संगणक शिकवताना सुरुवात पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेपासून करावी का?

मी करत नाही. एकदा केली होती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्मा वर्ग गळाला आणि उरलेले माझी कीव येऊन बसत असावेत.

आता पहिल्या तासाला एवढंच सांगतो: आपापल्या संशोधनातल्या वीस नोंदी घेऊन या. पत्रं, कविता, शिलालेख, काहीही. त्या एक्सेलमध्ये भरायच्या. एका विद्यार्थिनीकडे १८५७ ते १९११ मधली पत्रं होती. तारखेनुसार क्रम लावला तर १९११ ची वर आणि १८५७ ची तळाशी! तिला वाटलं, आपणच काहीतरी दाबलं. पण एक्सेलच्या तारखा १९०० सालापासून सुरू होतात. त्याआधीची तारीख त्याच्या लेखी नुसता मजकूर, आणि चढत्या क्रमात मजकूर आकड्यांच्या खाली जातो. वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने केले की प्रश्न मिटतो.

मजा पुढे आली. एका पत्रावर तारीखच नव्हती. आतल्या उल्लेखांवरून तिने '१८८० च्या सुमारास' असं ठरवलं होतं. रकान्यात काय भरायचं? नुसतं १८८० लिहिलं तर सहा महिन्यांनी तिचा स्वतःचाच अंदाज तिला पुरावा वाटणार. म्हणून चौथा रकाना काढला, 'तारीख कशावरून'. त्यावर वर्ग पाऊण तास भांडला. संगणक बाजूलाच राहिला, पण त्या दिवसानंतर कुणी तास बुडवला नाही.

संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर आणि वर्डमधल्या मथळ्यांच्या हेडिंग स्टाइल्स एका तासात उरकतात. देवनागरी मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आहे ना, हे मात्र आधीच तपासा. जुन्या फॉन्टांतल्या फाइली दिसायला देवनागरी, पण आत भलतीच अक्षरं. शोधायला गेलात तर एक शब्द हाती लागत नाही.

पायथॉन शिकवतो, पण मागायला येईल त्याला. शेकडो फाइलींत एकच दुरुस्ती हाताने करून वैतागलेला विद्यार्थी लूप, म्हणजे तेच काम संगणकाकडून पुन्हा पुन्हा करून घेणं, दोन दिवसांत शिकतो. फादर रोबेर्तो बुसा हे इटालियन धर्मगुरू १९४९ मध्ये आयबीएम या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या दारात गेले तेही थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या लेखनाची शब्दसूची करायची होती म्हणून. काम आधीच हातात होतं.

आणि हो, नोंदी वीसच मागा. दोनशे मागितल्या की कुणीच आणत नाही.