मुलगीपण, कौमार्य आणि पोगंड

प्रश्न असा आला आहे: पहिलीच कादंबरी, कुमारवाचकांसाठी. नायिका १४ वर्षांची, आरशाशी उभं वैर असलेली, शेवटी स्वतःला आहे तशी आपलंसं करणारी. मलपृष्ठावरच्या मजकुरात ‘गर्लहूड’ला काय म्हणायचं? कुणी ‘कौमार्य’ सुचवलं, कुणी ‘पौगंडावस्था’.

‘कौमार्य’ अजिबात नको. संस्कृतात काय असेल ते असो, आजच्या मराठीत या शब्दापुढे ‘चाचणी’ लागून बातम्या येतात. १४ वर्षांच्या मुलीच्या पुस्तकावर हा शब्द छापणं मला सहन होणार नाही, आणि तरी भाषणांत, परीक्षणांत तो ‘मुलीचं वय’ म्हणून सर्रास ऐकू येतो. बालपण, तारुण्य हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

‘पौगंड’कडे मात्र थांबायलाच हवं. भागवताच्या टीकांमध्ये उद्धृत होणारा एक जुना श्लोक वयाचे टप्पे देतो: ५ वर्षांपर्यंत कौमार, १० पर्यंत पौगंड, १५ पर्यंत कैशोर, पुढे यौवन. म्हणजे तुमची नायिका पौगंड कधीच ओलांडून आली. आपल्या शालेय विज्ञानानं हा शब्द उचलून थेट वयात येण्यावर बसवला, आणि वर ‘हाच शास्त्रशुद्ध’ असं ठणकावणारे आहेत. कोणत्या शास्त्रानं शुद्ध?

पण खरी गंमत मुळातल्या ‘पोगंड’ची, ज्याच्यावरून ‘पौगंड’ आला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ‘अपोगंड’ म्हणजे अज्ञान वयाचा नसलेला, सज्ञान. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या मनुष्यवर्गात, म्हणजे माणसाविषयीच्या विभागात, तोच ‘अपोगंड’ विकलांगाचा पर्याय! संस्कृत-इंग्रजी कोश करणाऱ्या मोनियर-विल्यम्सनी ‘पोगंड’ला दोन्ही अर्थ दिले: ५ ते १६ वयाचा मुलगा, आणि एखादा अवयव कमी किंवा जास्त असलेला. दिले आणि पुढे गेले. इतका मोठा कोशकार, आणि हे दोन अर्थ एका घरात का नांदतात हे त्याला विचारावंसं वाटलं नाही, याचा मला राग येतो.

माझं मत सांगतो. वाढत्या वयात आधी पायाचा नंबर वाढतो, मग हातपाय लांबतात, धड सर्वांत मागून भरतं. कोपर दाराला लागतं, गुडघा बाकाखाली मावत नाही. त्या पोराला बघणाऱ्याला एखादा अवयव जास्तीचा वाटला तर नवल काय? आणि ‘किशोर’ बघा. अमरकोशात किशोर म्हणजे घोड्याचं पिल्लू, आपलं शिंगरू. शिंगरू म्हणजे तर नुसते पायच! एक शब्द माणसाच्या पोराला जास्तीच्या अवयवावरून ओळखतो, दुसरा शिंगराच्या पायांवरून. दोन्ही शब्दांमागे लांबलेल्या हातापायांकडे गेलेली एकच नजर आहे, असं मी ठामपणे मानतो. हा योगायोग आहे म्हणणाऱ्यांनी आठवीच्या वर्गाबाहेर दहा मिनिटं उभं राहावं.

तुमच्या नायिकेला आरशात दिसतं ते हेच ना? मग ‘पोगंड’ हा शब्द मलपृष्ठावर वाया घालवू नका, कादंबरीच्या आत ठेवा. शाळेच्या ग्रंथालयातला जाडजूड कोश तिला उघडू द्या. आपल्या वयाला दिलेल्या नावाचा दुसरा अर्थ ‘व्यंग असलेला’ असा आहे, हे तिला स्वतः वाचू द्या. आणि त्याच दुपारी ‘किशोरी’ म्हणजे घोडीचं शिंगरू हेही सापडू द्या.

हां, मलपृष्ठ. ‘मुलगीपण’ लिहा. बाईपण, आईपण चालतं तसंच हे चालतं, कुठे अडत नाही. तुमच्या मजकुरातला ‘आत्मस्वीकृती’ मात्र काढून टाका, तो सरकारी अर्जावरचा शब्द वाटतो. नववीतली मुलगी म्हणेल, “मी ही अशी आहे.”