संतांची मध्यस्थी आणि पवित्र शास्त्र

प्रश्न : आमचे घराणे मिरजेच्या मिशन हॉस्पिटलभोवती वाढलेल्या प्रॉटेस्टंट मंडळीतले. सून वसईची, कॅथलिक. दर मंगळवारी ती संत अंतोनीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून नोव्हेना (संताला उद्देशून नेमाने म्हणायची प्रार्थना) म्हणते. ‘मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू’ असे पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट असताना संतांना विनवण्यास शास्त्राधार आहे काय? – एक वाचक, मिरज

उत्तर : संतांना विनवा, अशी थेट आज्ञा बायबलात नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या धर्मसभेने १५६३ मध्ये दिलेल्या निर्णयातही ही प्रथा चांगली आणि हितकारक आहे, एवढेच म्हटले आहे.

आधार आहे तो वेगळ्या तऱ्हेचा. आपण दिलेले वचन ज्या अध्यायातले आहे, त्याच्या आरंभीच पौल सर्व माणसांसाठी विनंत्या व मध्यस्थी करण्याचा बोध करतो. एकमेकांसाठी प्रार्थना केल्याने ख्रिस्ताच्या मध्यस्थपणाला बाध येत नाही, हे आपली मंडळीही मानते. नाहीतर आजाऱ्याच्या खाटेशी पाळकांना बोलावलेच नसते. तेव्हा प्रश्न उरतो तो हे नाते मृत्यूने तुटते की टिकते, एवढाच. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातले चोवीस वडील कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, पालथे पडतात. त्यांच्या हाती धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या असतात, आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, असे तिथेच सांगितले आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात तर दिवंगत यिर्मया संदेष्टा आपल्या लोकांसाठी व पवित्र नगरासाठी प्रार्थना करणारा म्हणून दर्शन देतो. मात्र तो ग्रंथ कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांत आहे, आपल्या ६६ मध्ये नाही.

माझ्या मते, स्वर्गवासी जन आपल्यासाठी प्रार्थना करतात याला शास्त्रात आधार सापडतो. पृथ्वीवरच्या भक्ताने दिवंगत संताला नाव घेऊन विनवल्याचे उदाहरण मात्र सापडत नाही. ते पाऊल ख्रिस्तसभेने (चर्चने) परंपरेच्या बळावर टाकले, आणि शास्त्राबरोबर परंपराही प्रमाण मानणाऱ्यांना त्यात अडचण वाटत नाही. येशूची आई मरिया हिला उद्देशून असलेल्या ‘नमो मरिया’ या प्रार्थनेतच शास्त्र आणि परंपरा यांचा हा सांधा दिसतो. तिच्या पूर्वार्धात गब्रीएल देवदूत व मरियेची नातलग अलीशिबा यांचे लूकच्या पहिल्या अध्यायातले उद्गार आहेत. आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, हा उत्तरार्ध ख्रिस्तसभेचा, १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात आजच्या रूपात स्थिरावलेला.

तसबिरीविषयी सांगायचे तर, बायबलातल्या निर्गम या पुस्तकात कोरीव मूर्तीला मनाई आहे, पण ज्या मोशेच्या हाती ती आज्ञा आली त्यानेच देवाच्या सांगण्यावरून पितळेचा सर्प घडवला. पुढे लोक त्याला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. उपासना केवळ देवाची आणि प्रतिमेला दिलेला मान तिच्यातल्या व्यक्तीला पोचतो, ही मर्यादा ७८७ मध्ये नायसियाच्या धर्मसभेने आखून दिली. सूनबाई ‘माझ्यासाठी देवाला विनंती करा’ असे अंतोनींना म्हणत असतील, तर त्या या मर्यादेतच आहेत. अंतोनी देवावाचून स्वतःच्याच सामर्थ्याने देतात, अशी त्यांची समजूत असेल, तर ती चूक त्यांना त्यांचेच धर्मगुरू दाखवतील.