वाचकांचे प्रश्न : फायबरग्लासचे पहिले पॅनेल

प्रश्न : जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर चार मीटर बसवण्यासाठी 60 सेंमी लांब व 40 सेंमी रुंद असे फायबरग्लासचे पॅनेल घरीच करण्याचा विचार आहे. हे काम पूर्वी कधी केलेले नाही. सुरुवात कोठून करावी आणि साहित्य किती लागेल?

उत्तर : सुरुवात साच्यापासून करावी आणि हाताशी असलेल्या वेळेतला मोठा वाटा त्यालाच द्यावा. फायबरग्लास साच्याच्या पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल करते. त्यावरचा ओरखडा किंवा मेणात अडकलेला फडक्याचा धागासुद्धा पॅनेलवर उमटतो. सपाट पॅनेलसाठी सनमायकाचा चकचकीत तक्ता साचा म्हणून चांगला चालतो. त्यावर मोल्ड रिलीज मेणाचे (पॅनेल साच्याला चिकटू न देणाऱ्या मेणाचे) चार-पाच हात द्यावेत, प्रत्येक हात मऊ फडक्याने घासून चमकवावा आणि पुढचा देण्यापूर्वी तासभर थांबावे. काम कंटाळवाणे आहे खरे. पण माझे पहिले पॅनेल मी दोनच हातांवर भागवले, तेव्हा ते साच्याला असे चिकटले की शेवटी छिन्नीने दोन्हींचे तुकडे करावे लागले.

साहित्याचा हिशेब सोपा आहे. चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाच्या मॅटचा, म्हणजे काचतंतूंच्या चटईचा, एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो, म्हणून तुम्हाला तीन थर पुरेत. काठाला चोहोबाजूंनी तीन सेंमी जास्त सोडल्यास मॅटचे वजन सुमारे 400 ग्रॅम होते. मॅटच्या दोन ते अडीचपट पॉलिएस्टर रेझिन (मॅटमध्ये मुरवून कडक होऊ द्यायचा द्रव) धरावे, म्हणजे एक किलो. जेलकोट, म्हणजे पॅनेलचा बाहेरचा गुळगुळीत थर देणारे दाट रेझिन, 200 ग्रॅम. रेझिन कडक करणारा हार्डनर मात्र अंदाजाने ओतू नये. तो रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के लागतो, म्हणून 200 ग्रॅम रेझिनला तीन ग्रॅमच्या आसपास, आणि तोही अचूक वजनकाट्यावर मोजून घ्यावा. सगळे रेझिन एकदम कालवू नये, कारण हार्डनर घातल्यावर ते तापते आणि खोल भांड्यात साठलेल्या उष्णतेला बाहेर पडायला वाव नसतो. रेझिन काही मिनिटांत धुरकटून दगडासारखे होते.

रेझिनमध्ये अॅक्सिलरेटर (कडक होण्याची क्रिया वेगवान करणारा द्रव) आधीच मिसळलेला आहे की वेगळ्या बाटलीत आहे, हे विकत घेतानाच विचारून घ्यावे. वेगळा असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा आणि त्यानंतरच हार्डनर घालावा. हे दोन द्रव एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो. हार्डनरचा थेंब डोळ्याला कायमची इजा करतो, म्हणून चष्मा व हातमोजे घालूनच बाटली उघडावी. काम उघड्या, हवेशीर जागी करावे. साधा कापडी मास्क रेझिनची वाफ अडवत नाही, त्यासाठी रासायनिक वाफेचे काडतूस असलेला मास्कच लागतो.

साच्यावर प्रथम जेलकोट लावावा. बोट टेकवल्यावर तो चिकट लागतो पण बोटाला येत नाही, अशी अवस्था आली की त्यावर रेझिनचा हात देऊन मॅट अंथरावी. ब्रश ओढू नये, तंतू सरकतात. ठोकत ठोकत रेझिन मुरवावे. पांढरी मॅट रेझिन पिऊन पारदर्शक होत जाते, आणि जेथे पांढरे ठिपके उरतात तेथे हवा अडकलेली असते. ती खाचांच्या रोलरने मधून काठाकडे बाहेर काढावी. थर कडक रबरासारखा झाला की काठ धारदार सुरीने कापून घ्यावेत; ही वेळ हुकली तर करवत आणि काचेची धूळ नशिबी येते. पॅनेल साच्यावर दिवसभर तरी राहू द्यावे, लवकर काढल्यास ते वाकते. मीटरची भोके त्यानंतर, जेलकोटवर चिकटपट्टी लावून, होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) त्याच बाजूकडून पाडावीत.

प्रश्न : सरावासाठी तळहाताएवढा तुकडा केला. जेलकोटला मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडल्या, आणि मागची बाजू दोन दिवसांनीही चिकट आहे. रेझिन खराब असावे का?

उत्तर : बहुधा नाही. सुरकुत्यांचे नेहमीचे कारण म्हणजे जेलकोट फार पातळ लागणे किंवा पुरता न धरणे. अशा वेळी वरच्या रेझिनमधील स्टायरीन हा पातळ द्रव त्यात शिरतो आणि तो फुगून साच्यापासून सुटतो. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. मागचा चिकटपणा हा दोष नव्हे. हवेतील ऑक्सिजन पॉलिएस्टरच्या उघड्या पृष्ठभागाला पुरते कडक होऊ देत नाही. तो थर अॅसिटोनने पुसता येतो, पण अॅसिटोन पटकन पेट घेते, म्हणून जवळपास ज्योत किंवा ठिणगी नसावी. मात्र तुकडा नखाने दाबल्यावर आतपर्यंत मऊ लागत असेल तर हार्डनर कमी पडला किंवा हवा थंड होती. 15 अंश सेल्सिअसखाली हे काम हाती घेऊ नये.