कॉलेजचं नाव आणि पीजीची सीट

प्रिय डॉक्टर,

(इंटर्नशिप संपायची आहे अजून, पण सवय असू दे.)

जिल्ह्याच्या नव्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं म्हणून मुंबईचं केईएम, पुण्याचं बीजे अशा नामांकित कॉलेजवाल्यांपुढे आपला निभाव लागणार नाही, ही तुझी धास्ती. नीट-पीजीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या (पीजीच्या) प्रवेशपरीक्षेच्या, अर्जात कॉलेजचं नाव भरावं लागतं, पण त्याला एक गुणही नाही. मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, एमबीबीएसचे टक्केसुद्धा कुणी धरत नाही. 200 प्रश्न, 800 गुण, त्यावरून रँक. पुढे सीट ठरते ती रँक, प्रवर्ग आणि तू भरलेली कॉलेज-ब्रँचच्या पसंतीची यादी यांवर. अमेरिकेत कॉलेज, शिफारसपत्रं, मुलाखत हे सगळं बघतात. तिकडच्या चर्चा वाचून इकडे झोप उडवून घेऊ नकोस.

कॉलेजची एक गोष्ट मात्र मोजली जाते: ते कुठल्या राज्यात आहे. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या पीजी जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, निम्म्या राज्याकडे राहतात. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीजीतलं अधिवासाचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. संस्थात्मक प्राधान्य, म्हणजे तिथल्याच कॉलेजांतून एमबीबीएस केलेल्यांना प्राधान्य, मात्र मर्यादेत चालतं असं सांगितलं. हा फायदा महाराष्ट्रात नंदुरबारला शिकलेल्याला तितकाच, जितका परळच्या केईएमला शिकलेल्याला.

मोठ्या कॉलेजात खरं मिळतं ते वेगळंच. पेशंटची रांग, आणि शेजारच्या खोलीत दिवसरात्र प्रश्न सोडवणारी पोरं. दुसरी गोष्ट तुला स्वतः उभी करावी लागेल: तिघं-चौघं जमवा, दर रविवारी एकाच वेळी जीटी (ग्रँड टेस्ट, म्हणजे पूर्ण सराव परीक्षा) द्या आणि चुकलेले प्रश्न त्याच संध्याकाळी एकमेकांना समजावून सांगा.

जीटी देतानाही वेळेचं गणित खऱ्या परीक्षेचंच ठेव. पेपरचे पाच भाग असतात, प्रत्येकात 40 प्रश्न, 42 मिनिटं. भाग संपला की दार बंद, मागे जाता येत नाही. घरी सलग साडेतीन तास सोडवणारे अवघड प्रश्न ‘शेवटी बघू’ म्हणून खूण करून ठेवतात आणि तिथे तो शेवट येतच नाही. पहिल्या 35 मिनिटांत चाळीसही प्रश्न बघून झाले पाहिजेत, उरलेली सात मिनिटं खुणा केलेल्यांना. बरोबरला 4, चुकीला वजा 1. म्हणजे चारातले दोन पर्याय खात्रीने बाद झाले, तर अंदाज मारलाच पाहिजे. सरासरी दीड गुण पदरात पडतो. एम्स, जिपमर, पीजीआय या केंद्रीय संस्थांची आयएनआय-सीईटी ही प्रवेशपरीक्षा वेगळी, वर्षातून दोनदा.

रँक आल्यावर खरी माती होते ती चॉईस फिलिंगमध्ये, म्हणजे पसंतीची यादी भरताना. ‘मिळेल तेच वर टाकू’ म्हणून लोक हवी असलेली ब्रँच खाली ढकलतात. तुझा नंबर आला की यादी वरून खाली वाचली जाते आणि शिल्लक असलेली पहिली सीट तुझ्या नावावर पडते. खालचं मग कोण बघतो? म्हणून मनातला क्रम जसाच्या तसा भर. वर अशक्य सीट टाकली म्हणून खालची जात नाही.

नाव बघायचंच असेल तर पीजीच्या कॉलेजचं बघ, तेही चौकशी करून. साहेबांना विचारू नकोस, जेआर-टूला, म्हणजे पीजीच्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरला गाठ. स्त्रीरोग हवं असेल तर विचार: आत्तापर्यंत किती सीझर स्वतःच्या हाताने केले, आणि किती वेळा नुसतं रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभं राहावं लागलं? युनिटमध्ये शिकवणारे किती, रात्री सीनियर हजर असतो का, थिसिसचे पेशंट वेळेत मिळतात का? ज्या नामांकित विभागात एका टेबलाभोवती पाच रेसिडेंट उभे असतात, तिथे पाचव्याच्या हाती काय लागणार?

आणि एक, रजेचं. इंटर्नशिपमध्ये 15 दिवसांपेक्षा जास्त रजा झाली की तेवढे दिवस पुढे वाढतात. इंटर्नशिप नीट-पीजीसाठी ठरलेल्या कट-ऑफ तारखेच्या पलीकडे गेली तर अख्खं वर्ष बाद. तुझी उपस्थितीची वही या आठवड्यात ऑफिसमध्ये नेऊन ताडून घे.