देवीची लस आणि लेडी मेरीची पत्रं

प्रश्न : देवीची लस एडवर्ड जेनरने शोधली असंच आम्ही शाळेत शिकलो. परवा वाचनात आलं की त्याच्या आधी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू नावाच्या बाईंनी हे इंग्लंडमध्ये आणलं, तेही एका पत्रातून. खरं काय? आणि ती पत्रं खरीखुरी आहेत का?

उत्तर : दोन्ही खरं आहे, फक्त गोष्टी दोन वेगळ्या आहेत. जेनरने १७९६ मध्ये गाईंना होणाऱ्या देवीचा पू वापरला. मेरीबाईंनी आणलं ते माणसाच्याच देवीचा पू किंचित टोचून सौम्य आजार मुद्दाम अंगावर घ्यायचा, त्यात धोका होता, पण खऱ्या साथीपेक्षा खूपच कमी.

बाईंना या आजाराची धग चांगलीच माहीत होती. भाऊ १७१३ मध्ये देवीनेच गेला, दोन वर्षांनी त्यांना स्वतःला देवी आल्या, त्यातून वाचल्या पण चेहऱ्यावर व्रण राहिले आणि पापण्यांचे केस गेले ते गेलेच. पुढे नवरा तुर्कस्तानात राजदूत झाला म्हणून त्याही गेल्या, आणि १ एप्रिल १७१७ ला एडिर्नेहून सारा चिसवेल या मैत्रिणीला ते पत्र लिहिलं. उन्हाळा सरला की पंधरा-सोळा जणं एकत्र जमतात, एक म्हातारी टरफलात पू घेऊन येते, कुठली शीर उघडू विचारते आणि सुईच्या टोकावर मावेल एवढाच आत घालते. आठव्या दिवशी ताप, दोनेक दिवस अंथरूण, झालं! पुढे बाई टोमणाही मारतात, की डॉक्टरांना लिहिलं असतं, पण माणसांच्या भल्यासाठी एवढी कमाई सोडणारा डॉक्टर कुठे मिळणार :)

१७१८ मध्ये पाच वर्षांच्याही आतल्या मुलाला त्यांनी तिथेच टोचून घेतलं. मुलीला मात्र नाही, कारण तिच्या दाईला देवी येऊन गेलेल्या नव्हत्या, मुलीकडून दाईला लागण झाली असती. १७२१ मध्ये लंडनमध्ये साथ आली तेव्हा डॉक्टरांसमोर मुलीलाही टोचलं. मग न्यूगेट तुरुंगातल्या सहा कैद्यांवर प्रयोग झाला, सहाही जगले आणि सुटले, आणि १७२२ मध्ये राजघराण्यातल्या दोन मुलींना टोचल्यावर हे मोठ्या घरांतही सुरू झालं. सारा मात्र १७२६ मध्ये देवीनेच गेली.

आता पत्रांचं. तुर्कस्तानच्या पत्रांचं जे पुस्तक आपण वाचतो ते पोस्टात टाकलेल्या पत्रांचा गठ्ठा नाही, बाईंनी आपली पत्रं आणि डायरी समोर ठेवून नंतर सावकाश नीट लिहून काढलंय. त्यामुळे खोटं नाही म्हणणार मी, पण घासूनपुसून ठेवलेलं आहे. इटलीत बरीच वर्षं काढून परत येताना ती वही त्यांनी रॉटरडॅममध्ये एका पाद्र्याकडे ठेवली, १७६२ मध्ये गेल्या आणि १७६३ मध्ये पुस्तक छापून आलंसुद्धा, घरच्यांची इच्छा नसताना. डायरी मात्र लेकीच्या ताब्यात होती, ती तिने जाळून टाकली.